निमंत्रक एक, शुभेच्छुक तीनशे: अमेरिकन काँग्रेसमधल्या बिलांचा हिशोब कसा वाचावा

दर दोन वर्षांनी नोव्हेंबरची निवडणूक जवळ आली की आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चित्र फिरायला लागतं. वर प्रतिनिधीचा हसरा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत आकडे: इतकी बिलं मांडली, इतक्या शे बिलांना पाठिंबा दिला. त्याखाली नमस्काराचे हात, झेंडे, टाळ्या. मग कुणीतरी विचारतं, "यातले कायदे किती झाले?" त्यावर ग्रुप शांत होतो आणि थोड्या वेळाने कुणीतरी ढोकळ्याचा फोटो टाकतं.

उत्तर शोधायला दहा मिनिटं पुरतात. सगळी माहिती सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. फक्त ती वाचायची कशी, हे नव्याने अमेरिकेत आलेल्याला कुणी सांगत नाही. मीही बरीच वर्षं आकडेच मोजत बसलो होतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहिल्यावर एका बिलाच्या मागे लागलो आणि त्या नादात हे शिकलो. ती गोष्ट पुढे येईलच.

सुरुवातीलाच एक खुलासा. इथे 'काँग्रेस' म्हणजे पक्ष नव्हे, संसद. गावाकडे फोनवर "काँग्रेसने बिल पाडलं" म्हणालात तर तिकडे भलताच वाद सुरू होईल.

आधी शब्द सुटे करा

काँग्रेसची दोन सभागृहं आहेत. हाउसमध्ये मतदानाचा अधिकार असलेले ४३५ प्रतिनिधी, सिनेटमध्ये १०० सदस्य. एक काँग्रेस दोन वर्षांची आणि तिला क्रमांक असतो. ११८वी काँग्रेस ३ जानेवारी २०२३ ते ३ जानेवारी २०२५ अशी चालली, त्यानंतर ११९वी सुरू झाली. प्रत्येक काँग्रेसची दोन सत्रं असतात, वर्षाला एक. पहिल्या सत्रात अडकलेलं बिल दुसऱ्या सत्रात पुढे जाऊ शकतं. पण दोन वर्षं संपली की मंजूर न झालेलं सगळं बाद. आपल्याकडे लोकसभा विसर्जित झाली तरी राज्यसभेत मांडलेलं आणि तिथेच रेंगाळलेलं विधेयक जिवंत राहतं. इथे ती सोय नाही. सिनेटमधलंही सगळं पुसलं जातं आणि पुढच्या काँग्रेसमध्ये पुन्हा श्रीगणेशा.

बिल जो मांडतो तो स्पॉन्सर. तो एकच असतो. त्याला जाहीर पाठिंबा म्हणून नाव जोडणारे ते को-स्पॉन्सर, आणि ते कितीही असू शकतात. लग्नपत्रिका डोळ्यांसमोर आणा. निमंत्रक एक, आणि खाली समस्त परिवार, आप्तेष्ट, मित्रमंडळ. पत्रिकेत नाव असलेला प्रत्येक जण पंगतीत वाढायला येतो का? या एका प्रश्नाभोवतीच हा लेख फिरणार आहे.

भारतातून आलेल्यांना आणखी एक गोष्ट डोक्यातून काढावी लागते. आपल्याकडे महत्त्वाची विधेयकं मंत्री मांडतात. साध्या खासदाराचं विधेयक शुक्रवारी दुपारी चर्चेला येतं आणि बहुतेक वेळा तिथेच राहतं. असं खासगी विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याचा शेवटचा प्रसंग १९७० सालचा. अमेरिकेत मंत्री संसदेचे सदस्यच नसतात. त्यामुळे राष्ट्राध्यक्षांनाही एखादा कायदा हवा असेल तर कुणातरी सदस्याच्या नावाने बिल मांडावं लागतं. म्हणजे इथे प्रत्येक बिल या अर्थाने 'खासदाराचं'च. जाता जाता: अमेरिकेत 'प्रायव्हेट बिल' म्हणजे एखाद्या व्यक्तीपुरतं केलेलं बिल, उदाहरणार्थ कुणा एकाला इमिग्रेशनमध्ये सूट देणारं. आपल्या खासगी विधेयकाशी त्याचा काही संबंध नाही.

पान उघडा

लायब्ररी ऑफ काँग्रेस चालवते ते संकेतस्थळ म्हणजे काँग्रेस डॉट गव्ह. तुमचा प्रतिनिधी कोण हेच माहीत नसेल तर हाउसच्या संकेतस्थळावर झिप कोड टाकला की नाव मिळतं. लाजू नका, दहा वर्षं इथे राहूनही नाव माहीत नसलेले आमच्या मंडळात पुष्कळ आहेत.

काँग्रेस डॉट गव्हवर त्या नावाचं पान उघडलं की समोर लांबलचक यादी येते. डावीकडे गाळण्या असतात. पहिली गाळणी लावा ती 'काँग्रेस'ची: हवी ती काँग्रेस निवडा, नाहीतर वीस वर्षांच्या कारकिर्दीची बिलं एकत्र दिसतात. दुसरी 'स्पॉन्सर्ड' की 'को-स्पॉन्सर्ड' ही. व्हॉट्सअॅपवरच्या चित्रात हे दोन आकडे बरेचदा एकत्र मिसळलेले असतात, त्यामुळे ही गाळणी लावली की निम्मा गोंधळ तिथेच सुटतो. तिसरी गाळणी प्रकाराची. सिनेटरच्या यादीत त्याने मांडलेल्या दुरुस्त्याही मोजल्या जातात, त्यामुळे तिथला आकडा फुगलेला दिसतो. फक्त बिलं निवडली की तो खाली येतो.

'पॉलिसी एरिया' नावाची गाळणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. प्रत्येक बिलाला एकच मुख्य विषय लावलेला असतो: इमिग्रेशन, आरोग्य, कर, शेती. तुमच्या प्रतिनिधीचं मन कुठे रमतं हे भाषणांपेक्षा इथे लवकर कळतं. दिवाळीच्या कार्यक्रमात येऊन इमिग्रेशनवर बोलणाऱ्याच्या यादीत इमिग्रेशनचं एकही बिल नसेल, तर तेही दिसतं.

क्रमांकाच्या आधीची अक्षरं

एच.आर. म्हणजे हाउसमधलं बिल, एस. म्हणजे सिनेटमधलं. ही दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन राष्ट्राध्यक्षांची सही झाली तर कायदा होतात. जे.रेस. म्हणजे संयुक्त ठराव. त्याचाही कायदा होऊ शकतो, फक्त घटनादुरुस्तीचा असेल तर तो राष्ट्राध्यक्षांकडे न जाता राज्यांकडे जातो. कॉन.रेस. दोन्ही सभागृहांचा असतो, पण त्याचा कायदा होत नाही.

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत होते ती एच.रेस. आणि एस.रेस. इथे. हे एकाच सभागृहाचे साधे ठराव. अभिनंदन, निषेध, अमुक दिवस साजरा व्हावा अशी भावना, सभागृहाचे स्वतःचे नियम, असं सगळं इथे येतं. मंजूर झाले तरी त्यातून कायदा होत नाही. बेळगावात वाढलेले आणि जानेवारी २०२३पासून मिशिगनमधून हाउसमध्ये असलेले श्री ठाणेदार यांनी एप्रिल २०२४मध्ये हिंदूद्वेषाचा निषेध करणारा ठराव मांडला, तो याच प्रकारातला. आमच्या ग्रुपवर मात्र "हिंदूंसाठी अमेरिकेत कायदा आला" असा निरोप फिरला होता. याउलट न्यू यॉर्कच्या ग्रेस मेंग यांनी मे २०२३मध्ये दिवाळीची सुट्टी केंद्रीय पातळीवर जाहीर करण्यासाठी जे मांडलं, ते एच.आर. होतं, म्हणजे कायद्याचा मसुदा. ते पुढे सरकलं नाही, पण मागणी कायद्याचीच होती. दोन्हींच्या बातम्या सारख्याच उत्साहाने फिरल्या. वाचणाऱ्याने ती पहिली अक्षरं पाहिली असती तर फरक कळला असता.

एक बारीक गोष्ट: हाउसमधले सुरुवातीचे क्रमांक पक्षनेतृत्वासाठी राखून ठेवलेले असतात. एच.आर. १ असं दिसलं की समजावं, नेतृत्वाचा हात पाठीवर आहे.

बिल कुठपर्यंत पोचलं

बिल मांडणं अगदी सोपं आहे. हाउसमध्ये क्लार्कच्या, म्हणजे सभागृहाच्या सचिवाच्या, टेबलाजवळ 'हॉपर' नावाची लाकडी पेटी असते, सदस्याने सही करून कागद तिच्यात टाकायचा. आता हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही होतं. भाषण नको, परवानगी नको. म्हणूनच ११८व्या काँग्रेसमध्ये एच.आर.चे क्रमांक दहा हजारांच्या पुढे गेले, एस.चे पाच हजारांच्या पुढे. त्यातून कायदे झाले पावणेतीनशेच्या आसपास. तेव्हा "कायदा झाला नाही म्हणजे प्रतिनिधी निकामी" असंही म्हणू नका. हाउसचे स्पीकर तर स्वतःच्या नावाने बिल क्वचितच मांडतात, त्यांची यादी पाहून कुणी त्यांना आळशी म्हणणार नाही.

प्रत्येक बिलाच्या पानावर वरच्या बाजूला पट्टी असते: मांडलं, हाउसमध्ये मंजूर, सिनेटमध्ये मंजूर, राष्ट्राध्यक्षांकडे, कायदा झाला. बहुतेकांची गाडी पहिल्याच ठेसनावर उभी दिसेल आणि शेवटची नोंद 'समितीकडे पाठवलं' अशी असेल. समिती म्हणजे इथली खरी चाळणी. अध्यक्षाच्या मनात नसेल तर बिलावर सुनावणीही होत नाही, आणि का झाली नाही हे कुठे लिहिलेलं नसतं.

'अॅक्शन्स' या भागातली भाषा सुरुवातीला चकवते. 'मोशन टू रीकन्सिडर लेड ऑन द टेबल' हे वाचून मला वाटलं होतं, बिल टेबलावर ठेवून दिलं, म्हणजे गेलं बासनात. अर्थ अगदी उलटा निघाला. मतदान झाल्यावर फेरविचाराची वाट बंद केली, म्हणजे निकाल पक्का. 'सस्पेंड द रूल्स' असं दिसलं तर बिल झटपट मार्गाने आणलंय. चर्चा थोडी, पण मंजुरीला दोन तृतीयांश मतं लागतात.

'समितीतच अडकलं' म्हणून पान बंद करण्याआधी 'रिलेटेड बिल्स' या भागावर एकदा टिचकी मारा. पुष्कळदा छोट्या बिलातला मजकूर उचलून संरक्षण खर्चाच्या किंवा अर्थसंकल्पाच्या मोठ्या बिलात घातला जातो. मूळ बिल कागदोपत्री समितीतच पडून राहतं, काम मात्र झालेलं असतं. दुसऱ्या बाजूने, 'कायदा झाला' एवढ्यानेही हुरळून जाऊ नका. मंजूर होणाऱ्या कायद्यांत पोस्ट ऑफिसांना नावं देणारे कायदे बरेच असतात. ह्यूस्टनमधल्या एका पोस्ट ऑफिसला कर्तव्यावर असताना मारले गेलेले शीख पोलीस अधिकारी संदीप सिंग धालीवाल यांचं नाव मिळालं ते अशाच कायद्याने. ते योग्यच झालं, आणि तिथल्या लोकांसाठी ती मोठी गोष्ट होती. पण एका प्रतिनिधीचे तीन कायदे आणि दुसऱ्याचा एक, अशी तुलना करताना त्या तिनांत काय आहे ते उघडून बघावं.

को-स्पॉन्सरांची यादी: इथे वेळ घालवा

हाउसमध्ये पूर्वी को-स्पॉन्सर हा प्रकारच नव्हता. १९६७मध्ये एका बिलावर २५ नावांपर्यंत परवानगी मिळाली आणि १९७९पासून ती मर्यादाही गेली. तेव्हापासून नावं गोळा करणं हा एक उद्योगच झाला आहे. स्पॉन्सरचं कार्यालय सगळ्या सदस्यांना 'डिअर कलीग' पत्र पाठवतं: प्रिय सहकारी, आमच्या बिलाला पाठिंबा द्या. संघटनांचे स्वयंसेवक कार्यालयांत चकरा मारतात. हाउसमध्ये समिती बिलावर आपला अहवाल देईपर्यंत नाव जोडता येतं.

बिलाच्या पानावर 'को-स्पॉन्सर्स' हा भाग उघडा. मी तिथे पाहतो त्या गोष्टी सांगतो.

नावापुढे तारा आहे का? तारा म्हणजे बिल मांडलं त्याच दिवशी नाव दिलेला, 'ओरिजिनल' को-स्पॉन्सर. अशांतल्या काहींनी मसुदा घडवताना खरंच हातभार लावलेला असतो. त्यानंतर तारखा बघा. मांडल्यावर दीड वर्षाने, निवडणुकीच्या तोंडावर जोडलेल्या नावाला मी कमी मार्क देतो. हे माझं मत, तुम्ही तुमचं ठरवा.

पक्ष कोणते? यादी पक्षानुसार आणि राज्यानुसार लावून पाहता येते. काही स्पॉन्सर मुद्दाम जोडीजोडीने सह्या घेतात, एक डेमोक्रॅट आला की एक रिपब्लिकन. एका बाजूची दीडशे नावं आणि दुसऱ्या बाजूचं शून्य असेल, तर तो बहुधा जाहीरनामाच असतो. आणि समितीच्या अध्यक्षाचं नाव आहे का, हे शोधा. मला विचाराल तर पन्नास साध्या सह्यांपेक्षा ती एक सही जड.

काही आकडे प्रथेमुळे मोठे असतात. पोस्ट ऑफिसच्या बिलावर त्या राज्यातल्या सगळ्या प्रतिनिधींची नावं घेण्याची पद्धत आहे. काँग्रेशनल गोल्ड मेडलसाठी हाउसमध्ये दोन तृतीयांश सदस्यांचा, म्हणजे २९० जणांचा पाठिंबा आधी जमवावा लागतो. अशा यादीत तुमच्या प्रतिनिधीचं नाव दिसलं तर फार काही सिद्ध होत नाही.

यादीच्या तळाशी कधी कधी आणखी एक छोटी यादी असते: नाव मागे घेतलेल्यांची, तारखेसकट. लोक तिथपर्यंत जातच नाहीत. एप्रिल २०२५मध्ये ठाणेदारांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा ठराव मांडला, एच.रेस. ३५३. त्यावर को-स्पॉन्सर म्हणून आलेल्या त्यांच्याच पक्षाच्या काही सहकाऱ्यांनी लगेच नावं काढून घेतली. पक्षनेतृत्वाचा याला होकार आहे असा आपला समज झाला होता, असं कारण पुढे आलं. ठाणेदारांची बाजू बरोबर की सहकाऱ्यांची, हा वाद तुमच्या चहाच्या टेबलासाठी. मला त्यात दिसलं ते एवढंच, की को-स्पॉन्सरची सही किती घाईत होऊ शकते. को-स्पॉन्सरला असं बाहेर पडता येतं. स्पॉन्सरला मात्र बिलावरून स्वतःचं नाव काढता येत नाही.

एका बिलाच्या मागे नऊ वर्षं

आता ती रांगेची गोष्ट. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून जास्त जायचं नाही, असा नियम आहे. छोट्या देशालाही तीच मर्यादा आणि भारतालाही तीच. त्यामुळे आपली रांग हलत नाही.

ही मर्यादा उठवणारं बिल, एच.आर. ३०१२, युटाचे रिपब्लिकन जेसन शॅफेट्झ यांनी ११२व्या काँग्रेसमध्ये आणलं. २९ नोव्हेंबर २०११ रोजी हाउसने ते ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केलं. एवढं बहुमत बघून कुणालाही वाटेल, झालं काम. सिनेटमध्ये ते अडकलं आणि काँग्रेस संपल्यावर संपलं.

पुन्हा २०१७, एच.आर. ३९२, स्पॉन्सर तेच शॅफेट्झ. त्यांनी त्याच वर्षी जूनअखेर राजीनामा दिला. स्पॉन्सर गेला तरी बिल मरत नाही. अशा वेळी दुसरा सदस्य सभागृहात उभा राहून, यापुढे मला या बिलाचा पहिला स्पॉन्सर मानावं, अशी सर्वसंमती मागतो, म्हणजे नवी नावं जोडण्याचं काम चालू राहतं. कॅन्ससच्या केव्हिन योडर यांनी ही जबाबदारी घेतली. पण बिलाच्या पानावर स्पॉन्सर म्हणून आजही शॅफेट्झच दिसतात. केवळ यादी पाहणाऱ्याला योडरांची मेहनत दिसणारच नाही. को-स्पॉन्सर तीनशेच्या वर गेले, ४३५च्या सभागृहात! तरीही बिल स्वतंत्रपणे मतदानाला आलं नाही. योडर नोव्हेंबर २०१८मध्ये निवडणूक हरले आणि जानेवारीत पाटी कोरी झाली.

पुढच्या काँग्रेसमध्ये कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट झोई लॉफग्रेन स्पॉन्सर झाल्या, एच.आर. १०४४. या वेळीही तीनशेहून अधिक को-स्पॉन्सर. पण आता नेमका उपयोग झाला तो एका नव्या नियमाचा. २०१९पासून हाउसमध्ये 'कन्सेन्सस कॅलेंडर' आहे. २९० को-स्पॉन्सर झालेलं बिल ठरावीक दिवसांनंतर समितीला वळसा घालून सभागृहाच्या रांगेत येऊ शकतं. म्हणजे को-स्पॉन्सरच्या आकड्याला पहिल्यांदाच थोडी ताकद मिळाली. १० जुलै २०१९ रोजी ३६५ विरुद्ध ६५ मतांनी ते मंजूर झालं. सिनेटमधलं त्याचं जोडबिल एस. ३८६, स्पॉन्सर युटाचे माइक ली आणि त्यांच्याबरोबर कमला हॅरिस. सिनेटमध्ये सर्वसंमतीने मंजूर करायला गेलं की एकेक सदस्य हात वर करून अडवत राहिला. अखेर बदल करून २ डिसेंबर २०२० रोजी ते तिथेही मंजूर झालं.

दोन्ही सभागृहांत मंजूर! आमच्या ग्रुपवर त्या रात्री पेढ्यांचे फोटो आले. पण दोन्हीकडचा मजकूर वेगळा होता आणि राष्ट्राध्यक्षांकडे एकच मजकूर जावा लागतो. हाती महिनाभर होता. ३ जानेवारी २०२१ला काँग्रेस संपली आणि बिलही. नव्या नावाने ते परत आलं, डिसेंबर २०२२मध्ये हाउसच्या सभागृहापुढेही आलं, पण मतदान झालंच नाही. तेव्हापासून मी पेढे सहीनंतरच आणतो.

उलट बाजूची दोन उदाहरणं

तीनशे नावं कधी कामाला येतात याचं चांगलं उदाहरण म्हणजे ११८व्या काँग्रेसमधलं एच.आर. ८२, सोशल सिक्युरिटी फेअरनेस अॅक्ट. लुइझियानाचे रिपब्लिकन गॅरेट ग्रेव्ह्ज स्पॉन्सर, व्हर्जिनियाच्या डेमोक्रॅट अॅबिगेल स्पॅनबर्गर त्यांच्या जोडीला. सोशल सिक्युरिटी म्हणजे पगारातून कापलेल्या कराच्या जोरावर मिळणारं सरकारी पेन्शन. ज्यांना हा कर न भरलेल्या नोकरीचं वेगळं पेन्शन मिळतं, त्यांच्या सोशल सिक्युरिटीत कपात होत असे. ती काढून टाकायची होती. विषय आपल्यालाही लागू होता: परदेशातल्या नोकरीच्या पेन्शनमुळेही ही कपात होऊ शकत असे, आणि भारत-अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही. भारतात सरकारी नोकरी करून पुढे इथेही काम केलेले काका-काकू याच कात्रीत सापडायचे.

तीनशेहून जास्त को-स्पॉन्सर असूनही बिल दीड वर्ष पडून होतं. मग दोघांनी 'डिस्चार्ज पिटिशन' आणली. यात २१८ सदस्यांनी सह्या केल्या की बिल समितीच्या हातून सोडवता येतं. इथे खरी परीक्षा असते. को-स्पॉन्सर होणं म्हणजे पाठीवर थाप. पिटिशनवर सही म्हणजे स्वतःच्याच नेतृत्वाला आव्हान. पिटिशनच्या सह्याही हाउस क्लार्कच्या संकेतस्थळावर जाहीर असतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवा: को-स्पॉन्सर आहे पण पिटिशनवर नाही, असं कोण कोण आहे ते मोजा. पत्रिकेतलं नाव आणि पंगतीतली हजेरी यांतला फरक असा नावानिशी मिळतो. सप्टेंबर २०२४मध्ये २१८ सह्या झाल्या, १२ नोव्हेंबरला हाउसने ३२७ विरुद्ध ७५ मतांनी बिल मंजूर केलं, डिसेंबरमध्ये सिनेटने ७६ विरुद्ध २० मतांनी, आणि ५ जानेवारी २०२५ला राष्ट्राध्यक्ष बायडन यांची सही झाली.

दुसरं उदाहरण ११९व्या काँग्रेसमधलं एच.आर. १. टेक्ससचे जोडी अॅरिंग्टन स्पॉन्सर, को-स्पॉन्सर शून्य. अर्थसंकल्प समितीनेच ते आणलं होतं, त्यामुळे नावं गोळा करायची गरजच नव्हती. ४ जुलै २०२५ रोजी ते कायदा झालं, आणि आपल्या घरापर्यंत पोचलं ते परदेशी पैसे पाठवण्यावरच्या करामुळे. सुरुवातीच्या मसुद्यात ५ टक्के होता, हाउसने मंजूर केलेल्या मजकुरात ३.५, अंतिम कायद्यात १ टक्का, आणि तोही रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक अशा मार्गांनी पाठवलेल्या पैशांवर. बँक खात्यातून आईला पैसे पाठवणाऱ्याला तो लागत नाही. ग्रुपवर अजूनही कधीमधी ५ टक्क्यांवाला निरोप उगवतो. म्हणून 'टेक्स्ट' हा भाग उघडल्यावर कोणती आवृत्ती वाचतोय हे आधी बघायचं: मांडलेली, हाउसमध्ये मंजूर झालेली की कायदा झालेली. पूर्ण मजकूर जड वाटला तर 'समरी' वाचा. ती काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिसची असते, कोणत्याही पक्षाची नाही. मात्र ती यायला वेळ लागतो आणि अगदी ताज्या बिलाचं तर पूर्ण टेक्स्टही कधी कधी काही दिवस चढलेलं नसतं.

आता फोन

यादी वाचून झाली की प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन करा. नागरिक नसलात तरी चालतं, त्या मतदारसंघात राहता एवढं पुरे. ते झिप कोड विचारतात. फोन उचलणारी मुलं-मुली कोवळ्या वयाची आणि नम्र असतात, त्यांच्यावर आवाज चढवू नका. "तुम्ही इमिग्रेशनसाठी काय करता?" असं मोघम विचारलंत तर मोघमच उत्तर मिळेल. नेमकं विचारा: अमुक बिलावर को-स्पॉन्सर आहात का? नसाल तर कारण काय? असाल तर समितीच्या अध्यक्षांशी बोलणं झालंय का? डिस्चार्ज पिटिशन आली तर सही कराल का? शेवटच्या प्रश्नावर पलीकडे थोडी शांतता पसरते आणि "मी निरोप पोचवते" असं उत्तर येतं. तारीख टिपून ठेवा, पंधरा दिवसांनी परत फोन करा. दरम्यान काँग्रेस डॉट गव्हवर त्या बिलाचा अॅलर्ट लावून ठेवला की काही हललं तर ई-मेल येतो.

आणि बिलाचा क्रमांक सांगताना काँग्रेसचा क्रमांकही सांगा. दर दोन वर्षांनी मोजणी एकपासून सुरू होते, त्यामुळे ११८व्या काँग्रेसमधलं एच.आर. ८२ वेगळं आणि ११९वीतलं वेगळं. मी एकदा जुन्याच क्रमांकावर पाच मिनिटं तावातावाने बोललो होतो. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही कोणत्या वर्षाबद्दल बोलताय?"